नाजूक प्रश्न शेवटी

स्वतःच्याच चष्म्यावर बसण्याचा पराक्रम माणसाच्या हातून आयुष्यात एकदा तरी होतोच. तिच्या हातून तो झाला एका मंगळवारी, सकाळी साडेअकरा वाजता, भर रस्त्यावरच्या बाकावर आणि तोही कामावर असताना.

समोर एक आजी उभ्या होत्या. हातात पिशवी, चेहऱ्यावर घाई. ती त्यांना विचारत होती, "दात घासायचा ब्रश घेताना तुम्ही आधी काय बघता? रंग, मऊपणा, की पकड?" आजी विचारात पडल्या. तेवढ्यात तिने कपाळावरचा घाम पुसायला चष्मा काढून बाजूला ठेवला. आजी म्हणाल्या, "बसून सांगते गं, पाय दुखतात." तिने अदबीने सरकून जागा करून दिली... आणि कडकट्ट!

"हाड होतं का?" आजींनी काळजीने विचारलं.

"नाही. चष्मा होता."

"मग रंग लिही," आजी म्हणाल्या आणि उठून चालायला लागल्या.

ती एका छोट्याशा कंपनीत प्रश्नावल्या तयार करायची. लोक अमुकच साबण का घेतात, तमुकच कुलूप का नको म्हणतात, हे कारखानदारांना कळत नाही. लोकांना विचारावं, तर ते खरं सांगतातच असं नाही. विचारणाऱ्याला बरं वाटेल ते सांगून मोकळे होतात. या दोघांच्या मध्ये बसून, खरं उत्तर बाहेर येईल असा प्रश्न घडवायचा, हे तिचं काम. त्या कामात ती वाघीण होती. चष्म्याविना मात्र तिची शेळी व्हायची. त्या दिवशी चष्म्याचं दुकान शोधताना तिने एका विजेच्या खांबाला "जरा एक मिनिट वेळ आहे का?" असं विचारलंसुद्धा.

खांबाने उत्तर दिलं नाही, पण खांबामागच्या पाटीवर दारापेक्षा मोठा चष्मा रंगवलेला होता. तेवढा तिला दिसला.

गल्ल्यावरून एक खणखणीत बायकी आवाज आला. "आत जा. भाचा बघेल. पायरी आहे, सांभाळून."

ती पायरीला अडखळूनच आत गेली. मागची खोली लहान होती, अंधारी होती, आणि तिच्या दृष्टीने त्या खोलीत एक उंच धुरकट आकृती होती, बस्स. त्या आकृतीने तिला खुर्चीत बसवलं, नाकावर लोखंडाची असावी इतकी जड फ्रेम चढवली आणि शांत, जराशा हसऱ्या आवाजात विचारलं, "समोर बघा. आता सांगा... एक चांगलं..." टक् करून काच बदलली. "...की दोन?"

"पुन्हा दाखवा."

"एक... की दोन?"

"हा प्रश्न चुकीचा आहे," ती म्हणाली.

आकृतीने हातातली काच खाली ठेवली. मग, "काय म्हणालात?"

"तुम्ही दोनच पर्याय देताय. मला दोन्ही सारखंच दिसतंय. मग 'सारखंच' हा तिसरा पर्याय कुठाय? माणूस नाइलाजाने एक म्हणेल, नाहीतर दोन म्हणेल. मग तुम्ही त्याच्या नाइलाजाचा नंबर काढणार. डोळ्यांचा नाही!"

उचलली जीभ अन् लावली टाळ्याला! बोलून झाल्यावर तिला वाटलं, आता हा माणूस आपल्याला रस्त्यावर त्या खांबाशेजारी नेऊन उभं करणार. पण अंधारात कुणीतरी हसलं. मोठ्याने नाही, नाकातल्या नाकात. मग टक्, टक्, टक्, तीन काचा बसल्या आणि समोरच्या तक्त्यावरची सगळ्यात खालची, मुंगीएवढी अक्षरं लख्ख उभी राहिली.

तिने मान वळवली आणि त्याला पहिल्यांदा नीट पाहिलं. तिशीच्या आतला. खांदे जरा पुढे झुकलेले, लोकांच्या डोळ्यांत वाकून बघून बघून झुकलेले असावेत. डोळे फार छान. आणि त्या डोळ्यांवरच्या चष्म्याची उजवी दांडी काळ्या दोऱ्याने गुंडाळून बांधलेली.

"चष्मेवाल्याचाच चष्मा मोडका?"

"लोकांचे करता करता राहून जातो," तो म्हणाला आणि कान लाल करून कार्डावर काहीतरी लिहू लागला.

गुरुवारी ती चष्मा न्यायला गेली, तेव्हा पाकिटावर तिचं नाव नव्हतंच. सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'तिसरा पर्याय'.

आता रागवावं की हसावं? ती ठरवत होती, तेवढ्यात गल्ल्यावर पडलेल्या एका कागदाकडे तिची नजर गेली. त्याच्या आत्यांनी, म्हणजे दुकानाच्या मालकीणबाईंनी, गिऱ्हाइकांसाठी स्वहस्ते प्रश्न लिहून काढले होते. पहिला प्रश्न असा होता: 'आमच्या दुकानातले चष्मे आणि सेवा तुम्हाला आवडतात ना?' त्याखाली दोन चौकोन. 'हो.' 'फार.'

तिचा हात आपोआप पर्समधल्या पेनाकडे गेला. ही तिची जुनी खोड. चुकीचा प्रश्न दिसला की हात पेनाकडे.

"अगं ए, माझ्या कागदावर काय गिरवतेस?" आत्या कडाडल्या. सगळा रस्ता त्यांना आत्याच म्हणायचा आणि सगळा रस्ता त्यांना टरकून असायचा.

"एका प्रश्नात दोन प्रश्न झालेत, आत्या. चष्मे आवडले पण सेवा नाही आवडली, अशा माणसाने खूण कुठे करायची?"

"तसलं माणूस आमच्याकडे येत नाही."

"येत नाही, की त्याला खूण करायला जागाच नाही?"

आत्यांनी कागद स्वतःकडे ओढून पुन्हा वाचला. मागच्या खोलीच्या दारात भाचा उभा होता. तो इतक्या कौतुकाने बघत होता, की हातातली काच पुसायच्या ऐवजी शर्टाचं बटणच पुसत होता.

"बस इथे," आत्या म्हणाल्या. मग त्यांनी सगळं सांगितलं. शंभर दुकानांच्या एका बड्या कंपनीला हे दुकान हवं होतं. मागची खोली जाणार, तिथे यंत्र येणार. हनुवटी टेकवली की नंबर बाहेर. भाच्याला ते दोन दिवसांच्या प्रवासावरच्या मोठ्या शहरात, त्यांच्या मुख्य कचेरीत, नव्या लोकांना शिकवायला नेणार होते. "चांगली जागा आहे. मी याला म्हटलं, जायला आवडेलच ना तुला? हा म्हणाला, हो. आता राहिलं दुकान. लोक कशासाठी येतात ते मला कळायला हवं. काचेतल्या फ्रेमा बघून येतात, की याच्याकडून डोळे तपासून घ्यायला येतात? याच्यासाठी येत असतील तर ठेवते. नाहीतर देऊन टाकते. तू विचार त्यांना. तुला विचारता येतं असं दिसतंय."

असं ते काम तिच्याकडे आलं. मोठ्या बाईंनी, म्हणजे तिच्या कंपनीच्या प्रमुखांनी, ते एकटीच्या जबाबदारीवर करायला दिलं. आधी कुणीतरी वरचं असायचं. या वेळी पहिल्या प्रश्नापासून शेवटच्यापर्यंत सगळं तिचं होतं.

प्रश्न लिहिण्याआधी लोक आपल्या शब्दांत काय बोलतात ते ऐकायचं असतं. म्हणून ती रोज दुपारी दोन तास दुकानातल्या स्टुलावर येऊन बसू लागली. ऐकायचं होतं गिऱ्हाइकांचं. पण कान फितूर झाले. गल्ल्यावर कोण काय बोललं ते वहीत अर्धंच उतरायचं आणि आतल्या खोलीतलं "एक... की दोन?" मात्र तिला पुरतं पाठ झालं.

एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. तो बाहेर आला.

"तुम्हाला एक सांगू? रागावू नका. त्या दिवशी एक आणि दोन... दोन्ही वेळा मी एकच काच दाखवली होती."

"काय?"

"सगळ्यांना दाखवतो. एकदा तरी. माणूस खरं बोलतोय की माझं मन राखतोय, ते कळतं त्यावरून. लोक काय करतात, मी एवढा काचा बदलतोय तर काहीतरी बदललं असेलच, म्हणून 'दोन' म्हणतात. पाच वर्षांत 'सारखंच' असं तोंडावर सांगणाऱ्या तुम्ही पहिल्या."

तिने वही उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. गालांना एकदम ऊन लागल्यासारखं झालं होतं आणि दुकान तर सावलीत होतं.

"आणि मला तुम्हाला एक विचारायचं होतं," तो म्हणाला. "म्हणजे... जरा नाजूक आहे."

खरं तर इथे गप्प बसायचं. एवढी अक्कल कुणालाही असते. पण धंद्याची गोष्ट निघाली की तिची जीभ तिचं ऐकत नसे.

"नाजूक प्रश्न नेहमी शेवटी विचारायचा," ती घाईघाईने म्हणाली. "वय काय, पगार किती, लग्न झालंय का, असलं सुरुवातीलाच विचारलं की माणूस कागद ठेवून निघून जातो. आधी सोपे प्रश्न. जरा ओळख होऊ द्यायची, विश्वास बसू द्यायचा..."

"शेवटी म्हणजे साधारण कितवा?"

"वीस असतील तर... अठरावा वगैरे."

"बरं," तो म्हणाला. गंभीरपणे मान डोलावून आत गेला. आणि दारातून परत डोकावला. "चहा घेणार? हा पहिला."

त्या दिवसापासून तो रोज एक सोपा प्रश्न विचारू लागला. नंबर लावून! "दुसरा. जिना आवडतो की लिफ्ट?" "पाचवा. पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचता का?" "नववा. माणूस खोटं हसतोय हे ओळखता येतं?" तिनेही उत्तरं दिली, पर्याय नसले तर मागून घेतले, एकदा तर "प्रश्न संदिग्ध आहे" म्हणून परत पाठवला. तो दुसऱ्या दिवशी दुरुस्त करून घेऊन आला. अकराव्याला तिने ओठ चावून हसू दाबलं. तेराव्याला दाबायचं विसरली. आत्या गल्ल्यावरून चष्म्याच्या वरून दोघांकडे बघत आणि पुन्हा हिशोबाच्या वहीत डोकं घालत.

आता इकडे प्रश्नावलीचं काय? चौदा प्रश्न सरळ उतरले. नववा उतरेना. सगळं दुकान त्या नवव्यावरच उभं होतं: लोक इथे का येतात? शनिवारी तिने तो एका ओळीत लिहिला. तो कोरडा वाटला. रविवारी सकाळी त्यात एक विशेषण घातलं. मग त्या विशेषणाला सोबत म्हणून दुसरं. दुपारपर्यंत प्रश्नाने चांगलंच बाळसं धरलं.

तिच्या प्रश्नावल्यांची पहिली चाचणी नेहमी घरच्या बाबांवर व्हायची. बाबा हे अवघड गिऱ्हाईक. साबण असो, सरकार असो, ते मधल्या चौकोनात खूण करायचे. 'ठीक.' लग्नाआधी आईला पाहून आल्यावरही ते 'ठीक' म्हणाले होते, हे आई आजतागायत ऐकवत असे.

त्या दिवशी बाबा आठव्या प्रश्नापर्यंत 'ठीक, ठीक' करत आले. नववा वाचला. पुन्हा वाचला. मग 'अगदी शंभर टक्के' या चौकोनात त्यांनी अशी खूण केली, की कागद फाटला.

"बाळा," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "हा माणूस कोण गं?"

"माणूस कुठला? प्रश्न आहे तो, बाबा."

"कोण माणूस?" आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. "चांगला असेलच ना? आपल्याला दाखवणार आहेस ना? उगीच लपवत नाहीयेस ना?" आईच्या प्रश्नांना सोबत उत्तरं बांधूनच असत, ऐकणाऱ्याने नुसती मान हलवायची. लेकीने मान हलवली नाही. कागद उचलला आणि खोलीत पळाली.

सोमवारी दहा अनोळखी लोकांकडून चाचणी भरून घेतली. मंगळवारी मोठ्या बाईंनी तिला टेबलाशी बोलावलं. त्यांच्या हातात लाल पेन्सिल होती. ती पेन्सिल हातात असली की कचेरीतले चारही जण श्वास जपून घेत.

"नवव्याला दहापैकी दहा जणांनी एकच उत्तर दिलंय," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं झाली मला या कामात. 'पाणी ओलं असतं का' असं विचारलं, तरी दहांतला एक 'सांगता येत नाही' म्हणतो. काय विचारलंस तरी काय तू?" आणि त्यांनी खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली:

"'आजच्या यंत्रांच्या गर्दीत, घाई न करता, हसऱ्या आवाजात, समोरच्याचे डोळे आपलेच समजून जपणारा माणूस विरळाच. स्वतःचा मोडका चष्मा दोऱ्याने बांधून इतरांना स्वच्छ दाखवणारा असा माणूस आपल्या रस्त्यावरून कायमचा निघून जाऊ नये, असं तुम्हाला वाटेल का?'"

टंकलेखन थांबलं. पंखासुद्धा थांबल्यासारखा वाटला. तिला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. इतके दिवस लोकांचे सूचक, म्हणजे पोटात उत्तर घेऊनच आलेले, प्रश्न दोन बोटांनी उचलून फेकणारी ती, आणि हे तिने लिहिलं होतं! लिहिताना तिला त्यात काही वावगंही दिसलं नव्हतं. नवाकोरा चष्मा लावूनही.

"ही प्रश्नावली नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "ही चिठ्ठी आहे. एका माणसाची आहे आणि तू दोनशे जणांना वाटायला निघालीस."

कोपऱ्यातून कुणीतरी खोकलं. ते हसू होतं.

"काम दुसऱ्या कुणाकडे देऊ?" बाईंचा आवाज मात्र आता मऊ होता. "लाजू नकोस. होतं असं."

तिने विचार केला. प्रश्न सरळ विचारला तर लोक सरळ सांगतील. फ्रेमांसाठी येतो, म्हणतील. मग तो जाईल, दोन दिवसांच्या प्रवासावर. वाकडा विचारला तर तो राहील... पण कशाच्या जोरावर? तिने लोकांच्या तोंडात घातलेल्या उत्तरावर. आत्या त्या उत्तरावर सगळं दुकान लावणार आणि तो रिकाम्या खोलीत काच पुसत बसणार. खोट्या नंबरचा चष्मा घालून कुणी किती दिवस नीट चालेल?

"नाही," ती म्हणाली. "मीच लिहिते."

आणि लिहिला. 'तुम्ही या दुकानात प्रामुख्याने कशासाठी येता? एकच निवडा.' खाली चार पर्याय. घराजवळ आहे. फ्रेमा आवडतात. डोळे तपासण्याची पद्धत आवडते. विशेष कारण नाही. तपासणीचा पर्याय हाताने आपसूक सगळ्यात वर ठेवला होता. वरच्या पर्यायावर लोकांची खूण जरा जास्त पडते, हे तिला ठाऊक होतं. हातालाही ठाऊक होतं. तिने दात आवळून चार वेगळे कागद केले, प्रत्येकात क्रम निराळा. मोठ्या बाईंनी वाचलं, लाल पेन्सिल खणात टाकली आणि न बोलता तिच्यापुढे बिस्किटांचा डबा सरकवला.

पुढचे दहा दिवस दोनशे लोकांनी खुणा केल्या. या दहा दिवसांत तो सतराव्या प्रश्नापर्यंत पोचला होता. सतरावा होता, "पाऊस आला तर छत्री उघडता, की आडोसा शोधता?" ती म्हणाली, "बरोबर कोण आहे त्यावर." आणि मग दोघांनाही बराच वेळ काही काम आठवेना.

शनिवारी दुपारी तिने निकाल आणला. आत्यांनी दाराला 'बंद' ची पाटी लावली. तो मागच्या खोलीच्या चौकटीला टेकून उभा राहिला. तिने कागद उघडला, घसा खाकरला आणि एकाही आकड्याला जास्त गोड आवाज न लावता सगळे आकडे वाचून दाखवले. घराजवळ म्हणून येणारे चौऱ्याहत्तर. फ्रेमांसाठी अठ्ठावन्न. तपासणीसाठी एकोणपन्नास. विशेष कारण नाही, एकोणीस.

"म्हणजे चारातला एक," आत्या हळू म्हणाल्या.

"हो."

"बरोबर आहे," तो म्हणाला. अगदी शांतपणे. आणि तपासणीच्या काचा एकेक करून पेटीत ठेवायला लागला, जणू गाडी उद्याच होती. तिला रडू फुटणार होतं. इतकं सरळ काम तिने आयुष्यात केलं नव्हतं आणि इतकं वाईटही कधी वाटलं नव्हतं.

"काम चोख केलंस पोरी," आत्यांनी कागदाची घडी घातली. "कुणाला विचारायचं राहिलं नाही ना?"

"नाही. सगळ्या..." ती म्हणाली आणि तिची नजर त्याच्या चष्म्यावर गेली. उजव्या दांडीवरचा तो काळा दोरा. लोकांचे करता करता राहून जातो...

काखेत कळसा आणि गावाला वळसा! दोनशे माणसांना गाठून गाठून विचारलं, ब्रश घेणाऱ्या आजींना सोडलं नाही, खांबालासुद्धा सोडलं नाही. आणि ज्याच्या जाण्याराहण्यावरून हा सगळा खटाटोप, तो हाकेच्या अंतरावर उभा होता आणि त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

"आत्या, एक माणूस राहिलाय."

"कोण?"

तिने नुसतं बोट दाखवलं.

"याला? याला मीच पहिलं विचारलं होतं. जायला आवडेलच ना, म्हटलं. हो म्हणाला की तो!"

"आत्या, त्या प्रश्नाला दुसरं उत्तरच नव्हतं."

आत्या थबकल्या. भाच्याकडे वळल्या. तो पेटीतल्या काचा मोजत होता, किंवा तसं दाखवत होता.

"आत चला," ती त्याला म्हणाली.

मागच्या खोलीत आल्यावर तिने दाराचा पडदा ओढून घेतला. विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर काही दिसता कामा नये, हा पहिला धडा. नाहीतर समोरचा चेहरा वाचून उत्तर देतो. आणि हा तर मन राखणाऱ्यातला. पण तिचा चेहरा आज कुणाच्याच ताब्यात नव्हता. शेवटी ती अक्षरांच्या तक्त्याकडे तोंड करून, त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली. वर चष्माही काढून हातात घेतला.

"तुम्हाला जायचं आहे," ती तक्त्याला म्हणाली, "राहायचं आहे, की... दोन्ही सारखंच?"

आवाज सपाट ठेवला होता. शेवटच्या शब्दाला तेवढा जरा कापला.

"दोन," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"दुसरा पर्याय. राहायचंय. हीच खोली. चारातला एक आला तरी चालेल मला." मग जरा थांबून, "मला असं कुणी विचारलंच नव्हतं."

"मग बोलला का नाहीस मेल्या?" पडद्यापलीकडून आत्यांचा आवाज आला. अगदी जवळून.

"तू विचारलंस कुठे, आत्या? तू सांगितलंस."

पडदा जरासा हलला. मग नाक ओढल्याचा आवाज आला. "पुढचं दुकान देते त्यांना. विकू देत फ्रेमा. मागची खोली आपली. एकोणपन्नास गिऱ्हाइकं तुला रग्गड झाली, नाहीतरी एकेकाला अर्धा तास घेतोस." पावलं दूर गेली. फार दूर मात्र नाही.

ती अजून तक्त्याकडेच बघत होती. अक्षरं काही दिसत नव्हती, पण वळायचा धीर होत नव्हता.

"आता माझा अठरावा," तो म्हणाला.

"...हं."

"रात्रीपासून चार वेळा लिहून खोडलाय. आधी लिहिलं, 'माझ्याशी लग्न करून तुम्ही सुखी व्हाल ना?' पण तो सूचक झाला."

"आणि जोडप्रश्न," ती तक्त्याला म्हणाली. "लग्न वेगळं विचारायचं. सुख वेगळं."

"तेच म्हटलं. म्हणून आधी माझंच उत्तर सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला अंदाज बांधावा लागणार नाही. मला तुम्ही फार आवडता. त्या दिवशी 'हा प्रश्न चुकीचा आहे' म्हणालात ना, तेव्हापासून. आता प्रश्न. मी तुम्हाला... एक, आवडतो. दोन, आवडत नाही." त्याने मोठा श्वास घेतला. "आणि तीन, सारखंच. तो तुमच्यासाठी मुद्दाम ठेवलाय."

ती वळली. चष्मा हातातच राहिला होता. समोर पुन्हा तीच उंच, धुरकट आकृती होती, पहिल्या दिवसासारखी. फक्त आता तिला त्या धुक्यातलं सगळं पाठ होतं. झुकलेले खांदे, लाल झालेले कान, उजव्या बाजूचा तो दोरा.

"एक," ती म्हणाली.

"पुन्हा... पुन्हा दाखवू?"

"नको. आणि तो तिसरा पर्याय खोडून टाक." तुम्हीचा तू कधी झाला ते दोघांनाही कळलं नाही. "आणि उद्या आधी तुझा चष्मा दुरुस्त कर. दोरा मी सोडवते."

तो हसला. या वेळी नाकातल्या नाकात नाही, चांगला मोठ्याने हसला.

"काय गं?" पडद्यामागून आत्या ओरडल्या. "हो म्हणालीसच ना?"

अठरा प्रश्नांत एवढा धडधडीत सूचक प्रश्न तिने ऐकला नव्हता. तरी तिचा हात पेनाकडे गेला नाही. तो आधीच दुसऱ्या एका हातात होता.